कोटातून पायी : काही शिल्पे आणि एक प्रश्न

चित्र पाहावयाचे तर आपण प्रदर्शनास जातो, गाणे ऐकावयाचे तर बैठकीस. रस्त्यावरील शिल्प मात्र कोणी मुद्दाम पाहावयास जात नाही. ते आपल्या वाटेवर उभे असते आणि आपण त्याला वळसा घालून कचेरीची वेळ गाठतो. ज्या कलाकृतीवर सर्वांत अधिक डोळे पडतात, तिच्याविषयीच सर्वांत कमी लिहिले जावे, हा आमच्या टीकावाङ्मयातील एक जुना विपर्यास आहे. नाटकाच्या एका प्रयोगावर चार चार स्तंभ खर्ची पडतात. परंतु ज्या पुतळ्याखालून रोज हजारो माणसे जातात, त्याची मान खांद्यावर नीट बसली आहे की नाही, याविषयी कोणी अवाक्षर काढीत नाही. पुतळा उभारण्यापूर्वी वाद होतो तो कोणाचा असावा याविषयी. उभारल्यानंतर वाद होतो तो त्याच्या विटंबनेविषयी. या दोन वादांच्या मधली सारी वर्षे पुतळा उन्हापावसात उभा असतो, आणि नेमक्या त्याच वर्षांत तो कसा आहे हे पाहावयास कोणास सवड नसते.

गेल्या हिवाळ्यात आम्हांस ती सवड सक्तीने मिळाली. मडगावचे आमचे एक वकील स्नेही मुंबईच्या उच्च न्यायालयातील एका कामासाठी आले होते, आणि आम्हीही बेळगावहून त्याच सुमारास मुंबईस आलो होतो. काम तहकूब झाले. वकिलाच्या आयुष्यात तहकुबीइतकी निखळ विश्रांती दुसरी नाही. तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी बोरीबंदरापासून अपोलो बंदरापर्यंत, म्हणजे जुन्या कोटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, पायी जावयाचे आणि वाटेतील शिल्पे खटल्यातील साक्षीदारांप्रमाणे एकेक करून तपासावयाची, असा बेत ठरला. अंतर दोन-अडीच किलोमीटरांचे; आम्हांस त्याला अख्खा दिवस लागला.

बोरीबंदर, म्हणजे आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, ही फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स याची कृती. १८७८ साली काम सुरू झाले आणि १८८८ च्या सुमारास पुरे झाले; २००४ साली युनेस्कोने तिला जागतिक वारशात स्थान दिले. घुमटावर 'प्रगती'ची मूर्ती उभी आहे, फाटकाच्या खांबांवर एका बाजूस इंग्लंडचा सिंह व दुसऱ्या बाजूस हिंदुस्थानचा वाघ. या मोठ्या मूर्ती थॉमस अर्प याच्या. त्या बेतशीर आहेत, यापलीकडे त्यांच्याविषयी अधिक बोलावेसे वाटत नाही. 'प्रगती' इतक्या उंचावर आहे की खालच्या माणसास तिचा फक्त आकार दिसतो. सिंह आणि वाघ यांनी राज्यव्यवस्थेचा एक पाठ म्हणून दाखविला, तो आम्ही शाळेतील मुलाप्रमाणे ऐकला आणि पुढे झालो.

खरे रसग्रहण सुरू झाले ते खांबांच्या माथ्यांपाशी. दगडात पाने फुटली आहेत, पानांआड पक्षी दडले आहेत, माकडे आहेत, मोर आहेत. कोरणाऱ्याने निसर्ग नुसता पाहिलेला नाही, त्याच्याशी खेळीमेळी केली आहे. हे काम सर जे. जे. कलाशाळेतील विद्यार्थ्यांचे, जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली झालेले. दर्शनी भिंतीवर गोल चौकटींतून रेल्वे कंपनीच्या धुरीणांची मुखशिल्पे बसविली आहेत आणि त्यांत आमच्या जगन्नाथ शंकरशेटांचाही चेहरा आहे. घड्याळाखालच्या कोनाड्यात एकेकाळी राणी व्हिक्टोरिया उभी होती. तो कोनाडा आज रिकामा आहे. राणी गेली त्याचे आम्हांस सुतक नाही. परंतु आमचे स्नेही एका खांबाशी थबकले, एका पानावर बोट टेकवून उभे राहिले आणि आपल्या नेहमीच्या संथ सुरात म्हणाले, "पात्रांव, हें कोणें केलां?"

स्टीव्हन्सचे नाव आम्ही सांगितले. "तो वास्तुशिल्पी," ते म्हणाले. अर्प सांगितला. "तो वरच्या बायलेचो." ग्रिफिथ्स सांगितला. "तो मास्तर. हें पान कोणें केलां?"

आमच्यापाशी उत्तर नव्हते. आणि दिवसभर हा प्रश्न आमच्या पुढे पुढे चालत राहिला.

बोरीबंदरापासून दक्षिणेकडे दादाभाई नौरोजी मार्गाने निघालो. या रस्त्याची कमानींची पडवी हीच एक कलाकृती आहे, असे आमचे मत आहे. इमारती निरनिराळ्या धन्यांच्या, निरनिराळ्या घाटांच्या. परंतु रस्त्याच्या बाजूस प्रत्येकाने पादचाऱ्यासाठी कमानींखालून छायेचा मार्ग सोडला पाहिजे, असा निर्बंध १८९६ साली घालण्यात आला, आणि त्यामुळे भिन्न भिन्न मालमत्तांतून एक अखंड ओळ निर्माण झाली. कायदा कलेचा वैरी आहे असे समजणाऱ्या आमच्या साहित्यिक मित्रांनी येथून एकदा दुपारच्या वेळी चालून जावे. एका कोरड्या नियमाने जितके सौंदर्य व जितकी सावली या शहरास दिली, तितकी पुष्कळशा अभिजात हेतूंनी दिलेली नाही. आज या पडव्यांतून फेरीवाल्यांची दाटी असते. आम्हांस तिचे वावडे नाही. ज्या कमानीखाली कोणी उभे राहत नाही, ती कमान कागदावरच बरी.

हा रस्ता जेथे हुतात्मा चौकात उतरतो, तेथे मुंबईतील सर्वांत बोलकी शिल्पजोडी उभी आहे. एक फ्लोराचे कारंजे. कोटाची भिंत पाडली गेली तेव्हा चर्चगेट नावाच्या दरवाजाच्या परिसरात, १८६४ साली ते उभे राहिले. आराखडा रिचर्ड नॉर्मन शॉ याचा, कोरीव काम जेम्स फोर्सिथ याचे, दगड पोर्टलंडहून आणलेला. आरंभी ते भायखळ्याच्या बागेसाठी योजिले होते. त्यासाठी मोठी देणगी कर्सेटजी फर्दुनजी पारेख यांनी दिली होती. बरीच वर्षे कोरडे राहिलेले हे कारंजे दुरुस्त होऊन २०१९ च्या जानेवारीत पुन्हा वाहू लागले, तेव्हा अंगावरचे रंगाचे थर निघाले आणि मूळ दगड दिसू लागला. शिल्प म्हणून पाहिले तर ते गोड आहे, किंचित अतिगोड आहे. रोमन पुष्पदेवता, भोवती पौराणिक परिवार, शिंपले, मासे. ज्या समुद्रापासून ते हाकेच्या अंतरावर आहे, त्या समुद्राचा मात्र एकही थेंब त्याच्या कल्पनेत नाही. तरीही त्याचे मोजमाप अचूक आहे. चौकाच्या कोणत्याही बाजूने या, ते डोळ्याला सामोरे येते आणि दाटी करीत नाही. हा गुण आमच्या नव्या शिल्पांनी त्याच्याकडून शिकण्यासारखा आहे.

त्याच्या शेजारीच हुतात्मा स्मारक आहे. येथे आम्ही टीकाकार म्हणून बोलावे की बेळगावकर म्हणून, हे आम्हांस क्षणभर ठरविता आले नाही. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी याच परिसरात मोर्चावर गोळीबार झाला आणि १५ माणसे पडली. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात पुढे बळींची संख्या शंभराच्या पलीकडे गेली. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला. आम्ही सीमेच्या पलीकडेच राहिलो. म्हणून मशाल उंचावणाऱ्या त्या दोन मूर्तींपुढे आमच्यासारखा माणूस उभा राहतो तेव्हा त्याच्या मनात कृतज्ञता आणि एक न भरलेली जागा, अशी दोन्ही असतात. परंतु मन भरून आले म्हणून डोळे मिटावे असे नाही. शिल्प म्हणून या मूर्ती ठोकळेबाज आहेत. शेतकरी व कामकरी यांचे ते नमुने आहेत, त्या दिवशी घरून निघालेली आणि परत न आलेली माणसे नव्हेत. नमुना मरत नाही, माणूस मरतो. जे स्मारक व्यक्तींच्या मरणाचे आहे, त्याने व्यक्तीचा चेहरा इतका सहज सोडून द्यावयास नको होता.

तथापि या स्मारकाचा एक मोठेपणा आम्ही मुक्तकंठाने मान्य करतो. ते उभारताना शेजारचे कारंजे कोणी पाडले नाही. परकीयांनी आणलेली फुलांची देवी आणि आपल्या माणसांची मशाल एकमेकींशेजारी उभ्या आहेत, आणि त्या जवळिकीत जो इतिहास वाचावयास मिळतो तो एकटीने दोघींपैकी कोणीही सांगितला नसता. जवळच खुर्चीत बसलेले दादाभाई आहेत. बाळाजी वसंत तालीम यांनी घडविलेले, १९२५ साली बसविलेले. थकलेल्या परंतु न वाकलेल्या वृद्धाचे ते शिल्प आम्हांस या चौकातील सर्वांत संयत काम वाटते. त्यात आवेश नाही. अनेक वर्षे तोच हिशेब पुन्हा पुन्हा मांडणाऱ्या माणसाची चिकाटी त्या बैठकीत आहे. तालीमांचे नाव आम्ही सांगितले तेव्हा आमचे स्नेही प्रथमच समाधानाने हसले. "जालें, एक तरी मेळ्ळो."

चौकातून पश्चिमेस वळताना, पुतळा नसलेल्या एका जागेपाशी आम्ही थांबलो. तारघराजवळच्या नाक्यावर एकेकाळी संगमरवरी छत्राखाली राणी व्हिक्टोरियाचा पुतळा होता. मॅथ्यू नोबल याने तो घडविला आणि १८७२ साली त्याचे अनावरण झाले. देणगी बडोद्याचे महाराज खंडेराव गायकवाड यांची. आमच्या बडोदेकर वाचकांस हे ठाऊक असेलच. १८९६ साली दामोदर चापेकरांनी त्याला डांबर फासले. १९६५ साली तो हलविण्यात आला आणि आज तो भायखळ्यास भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. येथे एक गंमत ध्यानात येते. या पुतळ्याच्या बाबतीत घडविणाऱ्याचे नाव माहीत आहे, देणाऱ्याचे माहीत आहे, डांबर फासणाऱ्याचेही माहीत आहे. इतकी पूर्ण नोंद आमच्या दुसऱ्या क्वचितच एखाद्या शिल्पाची असेल. म्हणजे राज्यकर्त्यांची मूर्ती असली की नोंद राहते. नोंद ठेवण्याची रीत आम्हांस अवगत नव्हती असे नव्हे.

उच्च न्यायालयात आम्ही दोघेही अनेकदा गेलेलो आहोत, परंतु पक्षकार आणि तारीख यांखेरीज दुसऱ्या कशाकडेही पाहत गेलेलो नाही. १८७८ साली पुरी झालेली ही इमारत कर्नल जेम्स फुलर याची. माथ्यावर न्याय आणि दया यांच्या मूर्ती आहेत. त्यांची उंची त्यांच्या दुर्मिळतेस शोभणारी आहे. परंतु वकीलमंडळींस प्रिय आहे ते आतले एक लहानसे कोरीव काम. एक माकड न्यायाधीशाच्या आसनावर बसले आहे. हाती तराजू आहे, आणि पट्टी एकाच डोळ्यावर आहे. दुसरीकडे एका कोल्ह्याने गळ्यात वकिली बँड बांधला आहे. बारमध्ये दंतकथा अशी सांगतात की, बांधकामावरील एक पारशी पोटठेकेदार दावा हरला आणि त्याने अपिलाऐवजी छिन्नी हाती घेतली. दंतकथा खरी असो वा नसो, ती टिकली आहे याचे कारण आम्हांस उघड दिसते. नाव कोरण्याची मुभा नसलेल्या हाताने येथे आपला अभिप्राय कोरून ठेवला आहे. न्यायालयाच्या इतक्या निर्णयांपैकी हाच एक असा, की ज्यावर आजवर अपील झालेले नाही.

शेजारी विद्यापीठ आणि राजाबाई टॉवर. आराखडा सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट याचा, पैसा प्रेमचंद रायचंद यांचा, नाव त्यांच्या मातोश्रींचे, उंची २८० फूट, काम पुरे झाले १८७८ साली. या मनोऱ्यावर पश्चिम हिंदुस्थानातील निरनिराळ्या जातिजमातींच्या २४ मूर्ती आहेत. जातवार पागोटी आणि पेहराव दगडात कोरून एका मनोऱ्यावर मांडावे, ही कल्पना राज्यकर्त्यांच्या जनगणनेच्या वहीतून निघालेली आहे, आणि तिच्यामुळे आम्हांस संकोच वाटतो. परंतु या मूर्ती रावबहादूर मुकुंद रामचंद्र नावाच्या एका देशी सहाय्यक इंजिनियराने घडविल्या, अशी नोंद आहे. एवढी एकच नोंद सारे कसे पालटून टाकते पाहा! ते नाव कळेपर्यंत आम्ही त्या मूर्तींकडे परक्याने केलेल्या वर्गीकरणाच्या दृष्टीने पाहत होतो. नाव कळताच प्रश्न वेगळा झाला : या माणसाने आपल्याच शेजाऱ्यांना दगडात उतरविताना काय पाहिले असेल? वहीतील रकाना, की ओळखीचा चेहरा? कलाकृती बदलली नाही. आमची तिच्याशी बोलण्याची रीत बदलली. घडविणाऱ्याचे नाव ही तळटीप नव्हे, अर्थाचा भाग आहे, हे आम्हांस ओव्हल मैदानाच्या कडेला, फाटकाबाहेरून मान उंच करून पाहताना पटले.

येथे आमच्याच मनातील एक आक्षेप मांडावयास हवा, कारण तो विद्वानांच्या तोंडून वारंवार ऐकू येतो. भारतीय कारागीर निरहंकारी होता, देवळे बांधणाऱ्यांनी कोठे नावे कोरली, नावाचा सोस हा पश्चिमेचा रोग होय, असे म्हणतात. हे ऐकावयास उदात्त आहे. परंतु पुरावा उलट आहे. आमच्या बेळगावापासून दक्षिणेस जा. होयसळांच्या देवळांत मूर्तींखाली शिल्पींनी आपली नावे कोरली आहेत. सोमनाथपूरला मल्लितम्माचे नाव आहे, बेलूरला बळ्ळिगावीच्या दासोजाचे. आठ-नऊशे वर्षांपूर्वी कन्नड मुलखातील शिल्पकार देवाच्या पायाशी आपले नाव लिहीत होता आणि देवाचा त्यात काही अवमान झाला नाही. तेव्हा अनामिकता हा आमच्या संस्कृतीचा धर्म नव्हे. पुष्कळ वेळा तो नुसता व्यवस्थापनाचा हलगर्जीपणा असतो, आणि नंतर आम्ही त्याला अध्यात्माचे वस्त्र नेसवितो.

या हलगर्जीपणाचा एक अनुभव आमच्याही पदरी आहे. आमच्या गावातील एका पुतळ्याच्या शिल्पकाराचे नाव विचारण्यासाठी आम्ही एका कार्यालयात अर्ज केला होता. पुष्कळ खेटे घातल्यावर उत्तर आले. त्यात अनावरण करणाऱ्यांचे नाव होते, अध्यक्षांचे होते, समितीच्या सर्व सभासदांची होती, खर्चाचा आकडा होता. शिल्पकाराच्या रकान्यात एक आडवी रेघ होती.

कायदा या बाबतीत मुका नाही. १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमाचे कलम ५७ कर्त्याला एक विशेष हक्क देते : कॉपीराइट दुसऱ्यास विकले तरीही आपण त्या कृतीचे कर्ते आहोत असे सांगण्याचा, आणि आपल्या प्रतिष्ठेस बाध येईल अशी तिची मोडतोड झाल्यास दाद मागण्याचा. दिल्लीच्या विज्ञान भवनातील अमरनाथ सहगल यांचे भव्य काशाचे भित्तिशिल्प १९७९ साली काढून कोठारात टाकण्यात आले. सहगल न्यायालयात गेले. २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने शिल्पाचे अवशेष त्यांना परत करावेत आणि पाच लाख रुपये भरपाई द्यावी असा निर्णय दिला. शिल्पाची किंमत शासनाने चुकती केली होती; तरी घडविणाऱ्याचा त्याच्याशी असलेला संबंध संपला नव्हता, हे त्या निर्णयाचे सार आहे. उलटपक्षी, सार्वजनिक जागी कायम बसविलेल्या शिल्पाचे चित्र वा छायाचित्र काढावयास त्याच अधिनियमाच्या कलम ५२ ने सर्वांस मोकळीक दिली आहे. या दोन कलमांकडे एकत्र पाहिले की एक न्याय्य करार दिसतो : पाहणे सर्वांचे, परंतु नाव घडविणाऱ्याचे. करारातील पहिला भाग आम्ही मोबाइल फोन उंच धरून मनसोक्त वसूल करतो; दुसरा चुकता करावयाचा राहून गेला आहे.

कलम ५७ घेऊन आम्ही बोरीबंदरावरील त्या पानाच्या कर्त्यास न्याय मिळवून देऊ शकणार नाही, हे आम्ही जाणतो. त्याचा वारस कोण, हेच कोणास ठाऊक नाही. आणि इतक्या जुन्या दाव्यात कोणताही न्यायाधीश प्रथम मुदतीचा मुद्दा काढील. परंतु जे दाव्याने होत नाही ते रिवाजाने होऊ शकते. जानेवारी २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक रस्ते व पदपथ यांवर नवे पुतळे उभारण्यास परवानगी देऊ नये, असा आदेश राज्यांस दिला. त्या आदेशाने, आमच्या मते, एक अप्रत्यक्ष जबाबदारी टाकली आहे. नवे उभारता येत नसतील तर असलेले नीट जाणून घेण्यास सवड आहे.

दुपारी काळा घोडा येथे आलो. जहांगीर कलादालन येथे १९५२ पासून आहे. आम्ही आत गेलो नाही, कारण आमचा विषय बाहेरचा. बाहेरच्या पदपथावर चित्रकार आपली चित्रे मांडून बसतात. लहान निसर्गचित्रे, व्यक्तिचित्रे, देवादिकांची चित्रे. काही चांगली, बरीचशी घाईची. परंतु प्रत्येक चित्राच्या खालच्या कोपऱ्यात सही होती. स्नेह्यांनी ती आम्हांस एकेक करून दाखविली. पदपथावरच्या कागदाला धनी आहे आणि समोरच्या दगडाला नाही, हा विरोध त्यांनी एका शब्दानेही बोलून दाखविला नाही, बोटाने दाखविला.

काळ्या घोड्याची कथा निराळीच आहे. प्रिन्स ऑफ वेल्स असतानाच्या सातव्या एडवर्डचा हा अश्वारूढ पुतळा, सर अल्बर्ट ससून यांची देणगी, जोसेफ एडगर बोएम याची कृती, १८७९ सालची. लोकांनी राजपुत्राचे नाव घेतले नाही, देणगीदाराचे नाही, शिल्पकाराचेही नाही. त्यांनी घोड्याचा रंग पाहिला आणि जागेला नाव दिले. १९६५ साली पुतळा भायखळ्याच्या बागेत गेला. तरी नाव राहिले. बावन्न वर्षे मुंबईकर एका नसलेल्या घोड्याच्या नावाने पत्ता सांगत होते. २०१७ साली काळा घोडा असोसिएशनने येथे नवा घोडा उभा केला. कल्पना वास्तुविशारद अल्फाज मिलर यांची, शिल्प श्रीहरी भोसले यांचे. या घोड्यावर स्वार नाही. शिल्प म्हणून तो जरा सजावटीकडे झुकतो, प्रदर्शनाच्या दारातील स्वागतमूर्तीसारखा. परंतु कल्पना म्हणून तो आम्हांस पुरा पटला. लोकांनी शंभर वर्षे तोंडी जी टीका केली होती, की यात घोडा तेवढा खरा, ती टीका येथे शिल्पात उतरली आहे. रस्त्यावरील कलेचा अंतिम समीक्षक रस्त्यावरचा माणूसच असतो, याचा याहून मोठा दाखला आम्हांस ठाऊक नाही. बडोद्यासही सयाजीरावांच्या अश्वारूढ पुतळ्याला लोक काळा घोडाच म्हणतात. तो डरवेंट वुडचा, १९०७ सालचा. लोकांची ही नामकरणाची रीत शहराशहरांतून एकच दिसते.

दिवस कलता कलता अपोलो बंदरावर पोचलो. जॉर्ज विटेट याचे गेटवे ऑफ इंडिया १९२४ साली खुले झाले. पंचम जॉर्जच्या आगमनाचे ते स्मारक. ज्या जागी त्या राजाचा पुतळा होता, तेथे २६ जानेवारी १९६१ पासून छत्रपती शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे, सदाशिव साठे यांनी घडविलेला. दिवसभरात पाहिलेल्या शिल्पांत पूर्णत्वास गेलेले काम कोणते, असे कोणी विचारील तर आम्ही याच्याकडे बोट दाखवू. वेग घोड्याच्या अंगात आहे आणि स्थैर्य स्वाराच्या बैठकीत. दोहोंचा तोल एका श्वासात सांभाळला आहे. समोर एवढी अवजड कमान असूनही पुतळा तिच्याशी उंचीची स्पर्धा करीत नाही, आणि म्हणूनच तिच्यापुढे लहान होत नाही. भोवतीच्या गर्दीतील लोक कमानीचे छायाचित्र काढीत होते, कबुतरांचे काढीत होते, एकमेकांचे काढीत होते. आम्ही दोघा-तिघांस सहज विचारले, हा पुतळा कोणाचा? सर्वांनी हात जोडूनच उत्तर दिले. कोणी घडविला? या प्रश्नावर एका सद्गृहस्थांनी आमच्याकडे असे पाहिले की जणू आम्ही शिवछत्रपतींच्या जन्मतिथीचा वाद काढीत आहोत.

स्नेही थोडा वेळ समुद्राकडे पाहत राहिले. मग त्यांनी पणजीच्या आबे फारियांच्या पुतळ्याची गोष्ट काढली. मांडवीकाठी, जुन्या सचिवालयाशेजारी, हात पसरून उभे असलेले आबे आणि पुढे कोसळणारी ती स्त्री. गोव्यात तो पुतळा ज्याने पाहिला नाही असा माणूस विरळा. मडकईचे रामचंद्र पांडुरंग कामत यांनी तो घडविला, १९४५ साली. "आमी ल्हान आसतना थंय वचून तशेच हात करताले," ते म्हणाले. "कामताचें नांव म्हाका कळ्ळें तें पन्नास वर्सां उपरांत." हे सांगताना त्यांचा स्वर तक्रारीचा नव्हता, उशिरा कळलेल्या नातेवाइकाविषयी बोलावे तसा होता.

आमची मागणी मोठी नाही. नवे स्मारक नको, समिती नको, समारंभ तर नकोच. प्रत्येक शिल्पाच्या पायथ्याशी, उभ्या माणसाच्या नजरेच्या उंचीवर, घडविणाऱ्याचे नाव आणि साल एवढे दोन शब्द असावेत. जेथे नाव हरवले आहे तेथे निदान 'जे. जे. कलाशाळेचे विद्यार्थी' किंवा 'मुंबईचे पाथरवट' एवढे तरी असावे. इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद, बडोदे, बेळगाव, पणजी, जेथे जेथे हे मासिक जाते तेथील वाचकांनी आपापल्या चौकातील एका तरी पुतळ्याविषयी हा प्रश्न विचारावा आणि ज्याचे उत्तर मिळेल ते लिहून ठेवावे. रकान्यातील आडवी रेघ एकेक करूनच पुसली जाईल.

रात्री स्नेह्यांना पोचविण्यासाठी पुन्हा बोरीबंदरास आलो. गाडीला अवकाश होता. दिव्यांच्या उजेडात खांबांवरची पाने सकाळपेक्षा अधिक खोल दिसत होती. त्यांनी सकाळचेच ते पान पुन्हा शोधून काढले, त्यावर तळहात ठेवला, आणि फलाटावर गाडी लागल्याची घोषणा होईपर्यंत काढला नाही.